हवा वरच जाते

(दृश्य: गॅरेज. स्टँडवर उभी हिमालयन, पुढच्या चाकाखाली फडकी. उजव्या मुठीचा क्लोजअप.)

पुढच्या ब्रेकचा नवा होस, म्हणजे लिव्हरपासून चाकापर्यंत ऑइल नेणारी नळी, बसला. वरचा बोल्ट आवळून झाला, खालचा झाला, मुठीजवळच्या डब्यात ब्रेक ऑइल भरून झालं. आता लिव्हर दाबायचा. तो कुठेही न अडता थेट मुठीला जाऊन टेकतो. पुन्हा दाबला, पुन्हा टेकला. गाडीला ब्रेकच नाही.

ही 2017 ची रॉयल एनफिल्ड हिमालयन, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. मालकाने रायझर लावून हँडल उंच करून घेतलं आणि कंपनीचा होस अपुरा पडायला लागला. हँडल टोकापर्यंत वळवलं की तो ताणायचा. म्हणून पुण्याच्या नाना पेठेतून लांब होस आणला, आत टेफ्लॉनची नळी आणि वरून स्टीलची जाळी असलेला. रबरी होस जोरात ब्रेक दाबल्यावर किंचित फुगतो आणि बोटांची थोडी मेहनत त्या फुगण्यातच जिरते. हा जवळजवळ फुगत नाही. दुकानदाराने सांगितलं ते सगळं खरं आहे. फक्त आत्ता या होसमध्ये ऑइल नाही, वरपासून खालपर्यंत हवा भरलीय.

(दृश्य: कापलेला जुना होस, आतलं बारीक भोक.)

भोक केवढं, तर साधारण सव्वातीन मिलिमीटर. मीटरभर होसमध्ये आठ मिलिलिटर ऑइल मावतं. एवढ्याशा हवेने ब्रेक जातो कसा? हिशेब करून बघू. लिव्हर दाबला की ऑइल ढकलतो तो मुठीजवळचा मास्टर सिलिंडर. त्याचा पिस्टन अर्ध्या इंचाचा, म्हणजे 12.7 मिलिमीटरचा धरू. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांवर तो याच्या आसपासच असतो. बोटांनी दहा किलोचा जोर लावला. लिव्हरच्या तरफेने तो साधारण सहापट झाला. पिस्टनच्या तोंडाशी दर चौरस सेंटिमीटरला पंचेचाळीस किलोच्या वर दाब तयार झाला. ऑइल या दाबाला दाद देत नाही, ते आक्रसतच नाही म्हणा. हवा आक्रसते. एक मिलिलिटरचा बुडबुडा या दाबाखाली ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. त्याला तेवढा करण्यात पिस्टनची पावणेआठ मिलिमीटर धाव खर्ची पडते, आणि लिव्हरच्या टोकाशी मोजलं तर साडेचार सेंटिमीटर. मूठ आली की!

म्हणजे आठपैकी सात मिलिलिटर हवा काढली आणि एक राहिली, तरी ब्रेक नाहीच.

(दृश्य: बँजो बोल्ट, तांब्याचे दोन वायसर तळहातावर.)

हवा काढण्याआधी एक गोष्ट. होसच्या प्रत्येक टोकाला पोकळ बोल्ट असतो, त्याला बँजो बोल्ट म्हणतात. बोल्ट होसच्या टोकाच्या कडीतून जातो आणि त्या कडीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर बसतो. हे वायसर एकदा दाबले गेले की कडक होतात. लालभडक तापवून पुन्हा मऊ करून वापरणारे जुने मिस्त्री आहेत, आणि ते चूकही नाहीत. पण नवे वायसर इतके स्वस्त मिळतात की हा खटाटोप कशासाठी, असं मला वाटतं. बोल्ट आवळण्याचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, बहुतेक गाड्यांना 20 ते 30 न्यूटन-मीटरच्या दरम्यान. मनगटाच्या भरवशावर आवळणाऱ्यांनी कॅलिपरचे (चाकाशी डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) ॲल्युमिनियमचे आटे किती वेळा उडवलेत, ते कुठल्याही लेथवाल्याला विचारा.

(दृश्य: कॅलिपर. निपलवर, म्हणजे हवा सोडण्याच्या पोकळ स्क्रूवर, आठचा रिंग पाना, त्यावर सलाइनची नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.)

आता गॅरेजमधली नेहमीची पद्धत. मिस्त्री खाली कॅलिपरशी, पोऱ्या वर लिव्हरशी.

"दाब. अजून दाब. धर."

"धरलं, उस्ताद."

पाना पाव फेरा उघडतो. नळीतून ऑइल येतं, बरोबर पांढरे बुडबुडे. लिव्हर मुठीकडे सरकत जातो.

"सोडू नको रे अजून!"

पाना बंद.

"हां, आता सोड."

सगळी गोम या क्रमात आहे. निपल उघडा असताना लिव्हर सुटला, तर बाहेर गेलेली हवा निपलमधून परत आत ओढली जाते. नळीचं टोक ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं ते याचसाठी. आणि पोऱ्याची एक नजर डब्यावर हवी. डबा रिकामा झाला की वरून हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

दाब, धर, सोड. बराच वेळ हेच चालतं. नळीत बुडबुडे दिसेनासे होतात. खाली येतंय ते स्वच्छ ऑइल. आणि लिव्हर? आधीपेक्षा बरा, पण मऊ. स्पंज दाबल्यासारखा.

बहुतेक लोक इथे अडकतात. आणखी बाटली आणतात, आणखी ऑइल खालून वाहून घालवतात. कोणी म्हणतं मास्टर सिलिंडरचं किट (आतल्या रबरांचा संच) गेलं, कोणी म्हणतं होसच डुप्लिकेट आहे. होस बिचारा ठीक असतो.

(दृश्य: मास्टर सिलिंडर बाजूने, बँजोच्या जोडावर कॅमेरा हळूहळू सरकतो.)

हवा वर जाते. आपण मात्र तिला मीटरभर खाली ढकलत न्यायला निघालोय. होस बारीक असल्याने बरीचशी हवा ऑइलच्या रेट्याबरोबर खाली जाते, हे खरं. पण लिव्हर सोडला की रेटा थांबतो आणि मागे राहिलेले बुडबुडे परत वर चढायला लागतात. चढून ते जमतात या जोडापाशी, होस मास्टर सिलिंडरला मिळतो तिथे. हँडल मागे झुकलेलं असतं, त्यामुळे कित्येक गाड्यांवर हा जोड मास्टर सिलिंडरपेक्षाही उंचावर येतो. बुडबुड्याला इथून ना डब्यात जाता येत, ना आपण खालून कितीही ओढलं तरी तो येत.

मग त्याला वाट करून द्यायची. गाडी मेन स्टँडवरून काढून साइड स्टँडवर घेतली, ती डावीकडे कलली. हँडलही डावीकडे वळवलं. आता उजव्या मुठीचं टोक वर आणि होसचा जोड खाली. मास्टर सिलिंडरमधून डब्यात जाणारं बारीक भोक हवेच्या दृष्टीने सगळ्यात उंच.

(दृश्य: डब्याचं झाकण उघडं, ऑइलचा पृष्ठभाग. आवाज फक्त लिव्हरच्या टिकटिकीचा.)

आता लिव्हर पूर्ण दाबायचा नाही. दोन बोटांनी नुसता हलवायचा, सुरुवातीची काही मिलिमीटर. पिस्टन त्या भोकाच्या पुढे जाता कामा नये. गेला की वाट बंद. होसच्या जोडावर स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच ठोकायचं. आणि बघत राहायचं. पहिला बुडबुडा आला. मग दोन एकदम, मग राईएवढ्यांची रांगच. प्रत्येक बुडबुड्यागणिक बोटांना फरक कळतो, लिव्हर थोडा आधीच धरायला लागतो. इथे ऑइलचा थेंबही वाया जात नाही.

बुडबुडे थांबले तरी शंका वाटत असेल, तर लिव्हर मुठीला बांधून गाडी रात्रभर ठेवायची. सकाळी सोडला की दाबाखाली चेपलेली हवा मोकळी होऊन पुष्कळदा वर येते. हा उपाय ऐकून हसणारे आहेत, पण करून बघा.

व्हॅक्यूम पंपाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. खालून ओढणारा तो पंप निपलच्या आट्यांमधूनही बाहेरची हवा ओढतो. नळीत बुडबुडे येतच राहतात आणि माणूस ब्रेकमध्ये नसलेली हवा तासभर काढत बसतो. त्यापेक्षा कोऱ्या होससाठी साधी सिरिंज बरी. ऑइल भरायचं, नळी निपलला लावायची आणि खालून वर हळूहळू ढकलायचं. हवेला जायचंय त्याच दिशेने आपणही जातो. वर डबा भरत येईल, तिथलं ऑइल दुसऱ्या सिरिंजने काढत राहायचं. एकच अट, कॅलिपरमध्ये जुना गाळ नको, नाहीतर तोच वर मास्टर सिलिंडरमध्ये जाऊन बसेल.

(दृश्य: ऑइलची सीलबंद बाटली, 'डॉट 4' अक्षरं. मग पावसातला ताम्हिणी घाट.)

बाटली सीलबंदच घ्यायची. डॉट 4 हा ब्रेक ऑइलचा दर्जा. हे ऑइल कोरं असताना कमीत कमी 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की उत्कलनबिंदूची किमान हमी 155 वर येते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात अर्धी उघडी ठेवलेली बाटली काय कामाची? ताम्हिणी उतरताना सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो, ओलावलेलं ऑइल कॅलिपरमध्ये उकळतं, वाफ होते. वाफही हवेसारखीच आक्रसते. मेहनतीने काढलेला बुडबुडा असा आतच पुन्हा तयार होतो, तोही नेमका उतारावर.

हेच ऑइल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं. लगेच भरपूर पाणी ओतायचं, पाण्यात ते विरघळतं. पॅडवर किंवा डिस्कवर मात्र थेंबही नको. आणि मास्टर सिलिंडरचे रबर पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने धुवायचे नाहीत, ते फुगतात आणि मग खरोखरच किट बदलावं लागतं.

1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. अशा गाडीत ऑइलची वाट एबीएसच्या युनिटमधून जाते. तिथल्या बारीक व्हॉल्व्हमध्ये हवा अडकली, तर काही गाड्यांना कंपनीचं स्कॅनर लावून ते व्हॉल्व्ह उघडावे लागतात. होस बदलताना डबा आणि युनिट कोरडं पडू दिलं नाही, तर ही वेळ सहसा येत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. डब्याचं झाकण बसतंय. मिस्त्री दोन्ही जोडांभोवती कोरडा टिश्यू गुंडाळतो.)

ऑइल खुणेपर्यंत, रबरी पडदा नीट बसवला, झाकण बंद. लिव्हर पूर्ण जोराने दाबून धरला, सावकाश साठ आकडे मोजले. लिव्हर खाली सरकत नाही. दोन्ही टिश्यू कोरडे. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण लांब करून पाहिलं. होस कुठे ताणत नाही, पिळत नाही, चाकाला घासत नाही.

मालक किल्ली मागतो. मिस्त्री देत नाही. आधी स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत जातो, चालण्याच्या वेगाने, मागच्या ब्रेकवर पाय ठेवून. पुढचा लिव्हर दोन बोटांनी दाबतो, शॉकअप खाली बसतो. वळतो. परत येताना थोडा वेग घेतो, पुन्हा दाबतो.

"टिश्यू उद्यापर्यंत राहू द्या तसेच," किल्ली देताना तो सांगतो. "सकाळी ओले दिसले तर गाडी चालवत आणू नका, फोन करा. मी येतो."