नांगर वाटला नाही, विकला

[दृश्य: किर्लोस्करवाडी स्टेशनची पाटी. तिथून कारखान्याकडे जाणारा रस्ता.]

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावातून बिऱ्हाड आणि कारखाना हलवून या माळावर आले, तेव्हा इथं निवडुंग आणि सापांचं राज्य होतं. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली, कर्ज दिलं. लक्ष्मणरावांच्या हातात होता लोखंडी नांगर आणि सोबत जिवाभावाची मोजकी माणसं. शेतकरी मात्र त्या नांगराकडे फिरकायला तयार नव्हता. लोखंडानं जमिनीला विष भिनतं, असं तेव्हा सर्रास बोललं जाई. बेळगावात केलेले पहिले नांगर गिऱ्हाईक मिळेना म्हणून पडून राहिले होते.

तरी त्यांनी नांगर फुकट वाटला नाही. तो विकला, आणि खपावा म्हणून सुधारत नेला. शेतकऱ्यानं पैसे मोजले तेही किर्लोस्करांवर मेहरबानी म्हणून नाही. रान खोल नांगरलं जातंय, हे त्यानं बांधावर उभं राहून बघितलं आणि मगच कमरेची गाठ सोडली. दोघांनी आपापलं हित पाहिलं. कुणी कुणाला लुबाडलं नाही, कुणी कुणापुढं हात पसरला नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीला या व्यवहारानं जे दिलं, ते कुठल्या अन्नछत्रानं दिलं असतं?

पण पुण्यवान माणूस कोण, असं विचारलं की आपल्याला अन्नछत्रवालाच आठवतो. नांगर करणारा हुशार ठरतो, कर्तबगार ठरतो. चांगला ठरायला त्याला आधी देऊळ बांधावं लागतं. ही समजूत मला अन्यायाची वाटते.

[दृश्य: सांगली मार्केट यार्ड, सकाळ. हळदीचे ढीग.]

या समजुतीला विसाव्या शतकात सगळ्यात रोखठोक आव्हान दिलं ते आयन रँड या लेखिकाबाईंनी. जन्म १९०५, सेंट पीटर्सबर्ग. वडिलांचं औषधांचं दुकान होतं. रशियन क्रांतीनंतर बोल्शेविकांनी, म्हणजे तिथल्या कम्युनिस्टांनी, ते जप्त केलं, आणि तेही लोकहिताच्या नावाखाली. १९२६ साली त्या अमेरिकेत पोचल्या आणि १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये वारल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येकाचं आयुष्य त्याचं स्वतःचं आहे. बुद्धी चालवून, आपल्या कष्टावर, आपल्या सुखासाठी जगणं हे नीतीला धरूनच आहे. दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देऊ नका, आणि स्वतःसाठी दुसऱ्याचाही देऊ नका.

टीकाकार यातला पहिला भाग उचलतात, दुसरा सोयीनं गाळतात. मग विचारतात, भाऊ भावाचा बांध कोरतो, तेही स्वहितच ना?

बांध कोरणाऱ्याचा हिशेब आपल्या गावागावांत मांडून ठेवलेला आहे. वीतभर जमीन मिळते आणि दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. वकिलाची फी, तारखा, सख्ख्या भावाच्या दारात लग्नकार्यालाही न जाणं. याला हाव म्हणा, सूड म्हणा. यात हित कुठं आहे आणि विचार तर त्याहून कुठं आहे?

[दृश्य: खरेदीदाराचा हात. हळकुंड मोडताना जवळून.]

आता हा हात बघा. ढिगातून एक हळकुंड उचललं, कडकन मोडलं. आतला रंग पाहिला, नाकाशी नेलं. बोली वर सरकते. शेतकरी शेजारी उभा आहे, चेहऱ्यावर काही दिसू न देता. नऊ महिने रानात, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. भाव पटला तर मान हलवेल, नाही पटला तर देत नाही म्हणेल आणि ढीग तसाच ठेवेल. ते ‘देत नाही’ म्हणता येणं मला फार मोलाचं वाटतं.

याच यार्डात कुणी पोत्याच्या तोंडाशी चांगला माल भरतो आणि खाली किडका. हुशार टीकाकार इथं नेमका सवाल टाकतो: समजा तो कधीच सापडला नाही, तर? मग लबाडी हेच त्याचं शहाणपणाचं हित नव्हे का? सापडेलच, असं उत्तर देऊन चालणार नाही. काहीजण खरंच सापडत नाहीत. रँड यांचं उत्तर वेगळं आहे आणि मला ते पटतं. लबाडानं आपलं पोट दुसऱ्याच्या अडाणीपणावर सोपवलेलं असतं. पारखी खरेदीदार दिसला की चांगल्या शेतकऱ्याला आनंद होतो, याच्या पोटात गोळा येतो. बाजारातला प्रत्येक जाणता माणूस ज्याचा शत्रू होऊन बसतो, त्यानं स्वतःचं भलं केलं असं म्हणता येत नाही.

[दृश्य: हायवेलगतचं मंगल कार्यालय. मांडव, बुलेटवर नवरदेव.]

दुसरा आक्षेप जास्त कसलेला आहे. माणूस जे करतो ते शेवटी स्वतःसाठीच करतो, दान देणाराही समाधानासाठीच देतो; मग स्वहितानं वागा हे सांगण्यात नवं काय?

नवं हे, की बहुतेक माणसं स्वहितानं वागतच नाहीत. या मांडवाकडे बघा. सोसायटीचं कर्ज थकलेलं, सोनं गहाण, तरी पाच गावांना जेवण. वधूपित्याला यातलं काहीही नको असतं. भावकी काय म्हणेल, पाहुणे काय म्हणतील, एवढ्यासाठी तो पुढची कितीतरी वर्षं गहाण टाकतो. शेजाऱ्यानं लावला म्हणून ऊस, मेव्हण्यानं घेतली म्हणून गाडी. विवेकी स्वहित या माणसाला अडवतं, तुझं आयुष्य तू कुणाच्या हिशेबानं जगतोयस असं विचारतं. विदर्भ-मराठवाडाच नव्हे, आपल्या कृष्णाकाठच्या बागायती गावांतही हा प्रश्न वेळेवर विचारणारं कुणी असतं, तर किती घरं वाचली असती.

[दृश्य: सातारा. कर्मवीरांचा पुतळा, समोरून जाणारी कॉलेजची मुलं.]

आणि आता सगळ्यात अवघड जागा. साताऱ्यात उभं राहून स्वहिताची बाजू मांडायची म्हणजे कर्मवीरांना बगल देऊन चालत नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली. एकेकाळी ते किर्लोस्करांचेच नांगर विकत गावोगाव फिरले होते. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, शेवटी मंगळसूत्रही. हा त्याग नव्हे तर काय?

रँड यांचा निकष असा: जास्त मोलाची गोष्ट कमी मोलाच्या गोष्टीसाठी सोडणं म्हणजे त्याग. भाऊरावांना ती पोरं पैशाअडक्याहून मोलाची होती. त्यांनी आपल्याला सर्वांत प्रिय असलेलं काम निवडलं. इथवर मी निःशंक आहे. लक्ष्मीबाईंबद्दल बोलताना मात्र आवाज खाली येतो. त्या काळच्या बाईला निवड करायला किती मोकळीक होती, हे विचारल्याशिवाय तिच्या देण्याला स्वहित म्हणणं मला जमत नाही. मी तिच्यापुढं नतमस्तक होतो. आणि त्याच वेळी एक मागतो: कुठल्याही सुनेला, कुठल्याही आईला तिचं उदाहरण देऊन ‘तूही सोड’ असं सांगू नका. सोडायला सांगणारा बहुतेक वेळा घेणाराच असतो.

शिवाय रयतेत काय शिकवलं ते बघा. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद.’ कमवा आणि शिका. पोरांनी शेत कसलं, खडी फोडली आणि आपल्या घासावर आपला हक्क सांगितला. ज्या पोरांच्या आजा-पणज्यांनी वाड्यासमोर वाकून धान्य घेतलं, त्यांना ताठ उभं करण्याचं ते शिक्षण होतं.

याच साताऱ्यात १९३५ साली शरद जोशी जन्मले. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि शेतकरी संघटना उभी केली. चाकणचा कांदा, निपाणीची तंबाखू, रस्त्यावर उतरलेले हजारो शेतकरी. घोषणा एकच: ‘भीक नको, हवे घामाचे दाम.’ अन्नदाता म्हणून ओवाळून घेण्यापेक्षा उत्पादक म्हणून भाव मागा, हे त्यांनी शेतकऱ्याला शिकवलं. शहरातल्या कितीतरी सज्जनांना ती मागणी स्वार्थी वाटली. कांदा स्वस्त मिळणं हा मात्र त्यांना आपला हक्क वाटत होता.

[दृश्य: आटपाडी तालुका. कोरडी विहीर, पलीकडं डाळिंबाची बाग.]

राहता राहिलं पाणी, आणि इथं टीकाकारांचं ऐकायला हवं. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी. प्रत्येकानं आपल्या बागेसाठी बोअर मारली, शेजाऱ्यानं त्याहून खोल मारली, आणि सगळ्यांच्याच बोअरी फुफाटा ओकू लागल्या. एकेकट्याचं शहाणपण मिळून सगळ्यांचा घात होतो, तो असा. हे खरं आहे. पण जमिनीखालचं पाणी कुणाचंच नाही आणि त्याला मोजमाप नाही, म्हणून ते उपशात संपलं. त्यागाच्या कीर्तनानं एकही बोअर थांबली नाही. ठिबक आलं ते पाणी आणि मजुरी वाचते म्हणून आलं.

आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरायच्या. अण्णा डाव्या विचारांचे. रँड यांचं म्हणणं त्यांनी उडवूनच लावलं असतं. पण मंडपात बसलेला माणूस कशासाठी आला होता? माझ्या शिवारात कृष्णेचं पाणी कधी येणार, हे विचारायला. हजारो लोकांनी आपापला तो एक प्रश्न वर्षानुवर्षं सोडला नाही, म्हणून सरकारला दाद द्यावी लागली. कृष्णेचं पाणी उपसून आणणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी आज त्या भागात पोचलंय. पाणीपट्टी किती असावी आणि कुणी भरावी, यावर तिथं वाद होतात. व्हायलाच हवेत. पाण्याची खरी किंमत हातात पडल्याशिवाय ऊस परवडतो की डाळिंब, हे शेतकऱ्यानं ठरवायचं तरी कशावर?