बीटा ग्लोबिनचा संदेश आणि पाचवं अक्षर

(सोलापूर येथे विज्ञानाचे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल, हे नाव करोनाच्या लशींमुळे घरोघरी पोचलं. पेशी स्वतःचा संदेश कसा घडवते, हे आज आपण एकाच जनुकाला धरून पाहू: हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनचं जनुक. ते ११व्या गुणसूत्रावर आहे, लांबी साधारण १,६०० अक्षरं (अक्षर म्हणजे डीएनए-आरएनएच्या साखळीतला एक घटक; आरएनएत ही चार: ए, यू, जी आणि सी). त्यात तीन एक्झॉन आणि त्यांच्या मध्ये दोन इंट्रॉन. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५०चा. एक्झॉन संदेशात राहतात, इंट्रॉन कापून काढले जातात.

जनुकाची आरएनएमध्ये नक्कल करतं ते आरएनए पॉलिमरेज-२, बारा प्रथिनांचं यंत्र. मिनिटाला दोन-तीन हजार अक्षरं हा त्याचा वेग, म्हणजे बीटा ग्लोबिनला एक मिनिटही लागत नाही. स्नायूंमधल्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाच्या अतिशय लांब जनुकाला मात्र सुमारे १६ तास लागतात. या यंत्राला एक लांब शेपूट असतं. त्यात सात अमिनो आम्लांचा एकच साचा माणसात ५२ वेळा येतो. शेपटावर फॉस्फेट कुठे चढले आहेत, त्यावर तिथे कोणती प्रथिनं येऊन बसणार हे ठरतं. पाठ्यपुस्तकातली आकृती पाहून वाटतं की आधी नक्कल पूर्ण होते आणि मग तिच्यावर प्रक्रिया. प्रत्यक्षात नक्कल चालू असतानाच बरंचसं काम होत जातं.

आरएनए २०-३० अक्षरांचा झाला की त्याच्या पुढच्या टोकावर टोपी चढते. टोकाचा एक फॉस्फेट काढला जातो, एक जी अक्षर उलट्या दिशेने जोडलं जातं आणि त्यावर मिथिल गट बसतो. टोपी नसेल तर टोकापासून कुरतडणारी विकरं संदेश संपवतात, आणि प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमलाही तो नीट पकडता येत नाही.

आता कापणी. इंट्रॉनची सुरुवात जीयूने होते, शेवट एजीने. सुरुवात ओळखतो यू-१ नावाचा छोटा आरएनए. एक्झॉनची शेवटची तीन आणि इंट्रॉनची पहिली सहा, अशा नऊ अक्षरांशी तो जोड्या जमवतो. इंट्रॉनच्या शेवटाआधी साधारण १८ ते ४० अक्षरांवर एक ए असतो, तिथे यू-२ बसतो. मग यू-४, यू-५ आणि यू-६ हे असेच आणखी छोटे आरएनए एकत्र येतात, यू-१ आणि यू-४ बाहेर पडतात. तो ए इंट्रॉनच्या पहिल्या अक्षराला चिकटतो, फास तयार होतो. पाठोपाठ दोन्ही एक्झॉन जुळतात आणि फास गळून पडतो. कापण्याचं रासायनिक काम मॅग्नेशियमच्या मदतीने यू-६ हा आरएनए करतो, प्रथिन नव्हे. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

यू-१ला हवी असलेली आदर्श नऊ अक्षरं: सीएजी-जीयूएएजीयू. बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनपाशी आहेत सीएजी-जीयूयूजीजीयू. म्हणजे नऊपैकी सातच जुळतात. निरोगी माणसातही ही जागा थोडी कच्चीच असते. अशात इंट्रॉनचं पाचवं अक्षर जीऐवजी सी झालं, तर सहाच उरतात. बीटा थॅलेसीमिया, म्हणजे बीटा ग्लोबिन पुरेसं न बनल्याने होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार; भारतात त्यामागे सर्वाधिक आढळणारा बदल हाच. प्रथिनाच्या एकाही अमिनो आम्लाची सांकेतिक अक्षरं त्यात बदललेली नसतात!

यू-१ची पकड सुटली की कापणी जवळच्या तीन चुकीच्या जागांवर होते: १६ अक्षरं आधी, ३८ आधी किंवा १३ पुढे. यातला एकही आकडा तीनने भागला जात नाही, आणि संदेश तर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो; त्यामुळे पुढची सगळी वाचनचौकट सरकते आणि अकाली थांब-संकेत (प्रथिन इथे संपवा, असं सांगणारी तीन अक्षरं) येतो. जेकार्ड मागावर नक्षी ठरवणाऱ्या कार्डात एक भोक चुकलं तर प्रत्येक चादरीत तीच चूक उतरते; इथे तसं नाही. थोडे संदेश तरीही बरोबर कापले जातात, पण ते अगदीच अपुरे पडतात.

मागच्या टोकाला एएयूएएए ही खूण येते, तिच्यापुढे १०-३० अक्षरांवर आरएनए तोडला जातो आणि दोनशेच्या आसपास ए जोडले जातात. या खुणेतलं एक अक्षर बिघडूनही थॅलेसीमिया झाल्याची नोंद आहे.

एक्झॉन जिथे जुळले, त्या प्रत्येक जोडाच्या साधारण २०-२४ अक्षरं अलीकडे प्रथिनांचा एक गट बसून राहतो आणि संदेशाबरोबर केंद्रकाबाहेर येतो. थांब-संकेत शेवटच्या जोडाच्या ५०-५५ अक्षरांहून आधी आला, तर पेशी सहसा तो संदेश सदोष समजून नष्ट करते.

पालकांसाठी थोडं व्यवहाराचं. रक्ततपासणीत एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ८०च्या किंवा एमसीएच (एका तांबड्या पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७च्या खाली असेल तर एचबी-ए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण तपासून घ्या. ते ४ टक्क्यांच्या वर असेल तर व्यक्ती बहुधा थॅलेसीमियाची वाहक असते, म्हणजे तिच्या दोन जनुक-प्रतींपैकी एक सदोष असते; ३.५ ते ४ असेल तर डीएनए तपासणी लागते. लोहाची तीव्र कमतरता असेल तर ए२ कमी दिसू शकतं, म्हणून लोह भरून आल्यावर पुन्हा मोजावं. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. गर्भाची तपासणी ११व्या आठवड्याच्या सुमारास करता येते, पण त्याआधी दोघांमधला नेमका बदल माहीत असावा लागतो. डीएनए तपासणी देताना इंट्रॉनही वाचणार का, हे प्रयोगशाळेला विचारा. दुसऱ्या इंट्रॉनच्या ६५४व्या अक्षरावरचा थॅलेसीमिया घडवणारा बदल कुठल्याही एक्झॉनच्या काठापासून दूर असतो, आणि फक्त एक्झॉन वाचले तर तो अहवालात येतच नाही.