दुसऱ्या घासाच्या आत

रेस्टॉरंटमधल्या एका टेबलावरचा हा हात बघा. काटा उचलला, तोंडापर्यंत गेला नाही, परत प्लेटमध्ये आला. चिकनचा तुकडा मधोमध कापलाय, कडेने मस्त भाजलेला, आत गुलाबी आणि जरा चकचकीत. एक घास ताईने खाल्लाय. दुसरा घ्यायचा का नाही, ते चाललंय.

शेजारी बसलेला भाऊ म्हणतो, "राहू दे ना ताई, आता कुठे बोलवत बसतेस." वडील मेनूकार्ड चाळतायत. तेवढ्यात वेटर येतो, "सगळं ठीक आहे ना मॅडम?" आणि ती मान डोलावते. होय म्हणून.

वेटर गेला. चेहरा बघा तिचा.

ही संध्याकाळ आम्ही दोन्हीकडून शूट केली, एक कॅमेरा या टेबलापाशी आणि एक आत किचनमध्ये, कारण टेबलावर बसून आपण जे जे गृहीत धरतो ना, की प्लेट परत पाठवली तर किचनवाले चिडतील, आपल्यालाच भांडखोर समजतील, ते आत खरंच कसं असतं हे बघायचं होतं. चला आत.

(मशीनमधून चिठ्ठी बाहेर येते)

हा आवाज इथे रात्रभर थांबत नाही. ऑर्डरची चिठ्ठी निघते, पट्टीला अडकते, एक जण मोठ्याने वाचतो आणि तिघं-चौघं आपापल्या जागेवरून "हो" म्हणतात. ग्रिलवाला मांस टाकतो, दुसरा सॉस गरम करतो, तिसरा भाजी, आणि या सगळ्यांचं टायमिंग असं जुळवायचं की एका टेबलाच्या चारही प्लेटा एकदमच तयार व्हाव्यात. कुठलाही एक पदार्थ दोन मिनिटं उशिरा आला तर बाकीचे तीन गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली वाट बघत बसतात, वरून गरम राहतात, आतून सुकत जातात. ती समोरची स्टीलची पट्टी दिसतेय ना, जिथे प्लेट शेवटची पुसली जाते, त्याला पास म्हणतात. तिथून पुढे प्लेट वेटरची.

आता शेफचा हात बघा. सॉस चाखला, चमचा टाकला, पुढच्या वेळी नवीन चमचा. सूप चाखलं. भाजीचा एक तुकडा. पण पासवर ठेवलेली प्लेट तो चाखत नाही, कोणीच चाखत नाही, चाखणार कशी, ती तुमची प्लेट आहे. तो तुकडा तोडून बघणारं, तोंडात घालणारं पहिलं माणूस म्हणजे तुम्ही. किचनला दिसतो तो रंग आणि मांडणी, आतलं तुम्हालाच आधी कळतं. आणि तुम्ही मान डोलावली की ते कळणं तिथेच संपलं.

हा सीन जरा सावकाश बघू. ग्रिलवर एका वेळी सहा तुकडे आहेत. एक जाड, एक पातळ, एक मधल्या आचेवर, एक कोपऱ्यात जिथे जाळ कमी पोचतो. वरून सगळ्यांना सारखाच रंग आलाय. ही जी सुई टोचतायत ती थर्मामीटरची, सगळ्यात जाड भागात टोचायची, हाडाला न लावता. अमेरिकेचं कृषी खातं चिकनसाठी 74 अंश सेल्सिअस सांगतं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, नुसता गुलाबी रंग म्हणजे कच्चं असं नाही, हाडाजवळ पूर्ण शिजलेलं मांसही गुलाबी राहू शकतं, आणि उलट पांढरं दिसणारं आतून पुरेसं तापलेलं नसू शकतं. म्हणजे टेबलावर बसून ताईला खात्रीने सांगताच येणार नाही. पण आत सुई आहे. "हे नीट शिजलंय का जरा बघता का?" एवढंच विचारायचंय, आरोप करायचाच नाहीये.

खरं तर अवघड जातं ते दुसरंच. चुकलंय का नुसतं आवडलं नाही?

हे दोघं एकाच वाटीतून चाखतायत, एकाचं तोंड वाकडं झालंय आणि दुसरा म्हणतोय मला तर छान लागतंय. दोघंही खरं बोलतायत. ड्यूपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आर्थर फॉक्स नावाच्या केमिस्टच्या हातून एकदा एका रसायनाची पावडर हवेत उडाली, सहकाऱ्याला जीभ कडू लागली आणि फॉक्सला काहीच नाही, 1931 मध्ये त्याने हे मांडलं, आणि चवीतला हा फरक पुढे आनुवंशिक निघाला. म्हणून शेजारच्याचं "मला तर ठीक लागतंय" ऐकून आपली जीभ खोटी ठरवायची नाही. आणि म्हणूनच, पदार्थ मेनूत लिहिला होता तसाच आलाय, नीट शिजलाय, गरम आहे, फक्त आपल्याला ती चव झेपली नाही, तर माझ्या मते तो परत पाठवायचा नसतो. आपणच मागवलेला असतो तो. वेटरला सांगावं जरूर, कधीकधी ते स्वतःहून बदलून देतात, पण हक्काने मागू नये.

गरम यायला हवं ते कोमट आलं, ऑर्डर एक आणि आलं भलतंच, नको म्हणून स्पष्ट सांगितलेली गोष्ट वर पसरलेली, मीठ इतकं की घास गिळवत नाही, यात संकोच कसला? जागतिक आरोग्य संघटना सांगते की गरम अन्न 60 अंशांच्या वर ठेवा आणि थंड 5 च्या खाली, मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. कोमट भाताचं तर विशेष, त्यातल्या एका जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर तसाच राहिला तर ते विष तयार करतात आणि पुन्हा गरम केल्यावरही ते विष टिकू शकतं. माशाचा घास घेतल्यावर जीभ मिरी लागल्यासारखी चुरचुरली आणि मसाला तर काहीच नाही, तर तिथेच थांबायचं, नीट थंड न ठेवलेल्या काही माशांत हिस्टामिन नावाचं ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन साठतं, ते शिजवून जात नाही.

ही मुलगी बघा, हिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. प्लेट चुकून दाणे घालून आली. ती काय करतेय, तर वेटरशी बोलतेय पण प्लेट हातातून सोडत नाहीये, नवीन येईपर्यंत ती प्लेट तिच्यासमोरच राहणार. कारण आत घाईत कोणी वरचे दाणे काढून तीच प्लेट परत आणली तर? दाणे गेले तरी अंश राहतो, आणि तेवढ्यानेही काही मिनिटांत श्वास कोंडू शकतो. हात धुवून, वेगळ्या पॅनमध्ये, नवीन. तिने हेच तीन शब्द म्हटले, "पूर्ण नवीन द्या."

आवाज चढवला नाही तिने. वेटरने शिजवलेलं नसतं, त्याच्यावर ओरडून काय होणार. आणि वेळ महत्त्वाची आहे हो, एक-दोन घासांत सांगितलं तर किचनला ते सुधारता येतं, पाऊण प्लेट संपवून बिल आल्यावर सांगितलं तर कोणालाच काही करता येत नाही, आणि घरी जाऊन इंटरनेटवर एक स्टार देणं म्हणजे तर ज्या माणसाच्या हातात दुरुस्ती होती त्याला सोडून सगळ्या जगाला सांगणं.

परत आलेली प्लेट दुसऱ्या कोणाला देता येत नाही, ती बहुतेक कचऱ्यातच जाते, संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात 2022 मध्ये जगभरात वाया गेलेल्या 105 कोटी टन अन्नापैकी 29 कोटी टन हॉटेल-रेस्टॉरंट-कँटीन वगैरेंतलं होतं, हेही आहेच.

परत आपल्या टेबलापाशी. भाऊ खातोय. ताईने हात वर केलाय.

"हे जरा आतून कच्चं वाटतंय, बघता का?"
"सॉरी मॅडम, लगेच."

एवढंच. सात-आठ सेकंद. कॅमेरा वेटरच्या मागे मागे आत जातो, प्लेट पासवर येते, शेफ तुकडा उलटा करून बघतो, काही बोलत नाही. सुई टोचतो. आकडा स्क्रीनवर दिसतोय तुम्हाला, 61.

आता पुढचं बघा. तो नवीन तुकडा टाकतो, पण आधी ट्रेकडे वळतो. त्याच ग्रिलवरून उतरलेले पाच तुकडे तिथे आहेत, जायच्या तयारीत. पाचांत एकेक करून सुई. तीन बाजूला ठेवले. दोन परत ग्रिलवर.

मागे काचेपलीकडे ज्या टेबलांवर ते दोन जाणार होते ती दिसतायत. एकावर लहान मुलगा बसलाय, खुर्चीवरून पाय हलवत, आईला काहीतरी सांगतोय.