छतातून झडणारी धूळ

[दृश्य : पॅरिस. पोलादी खांबांवर तोललेल्या इमारती.]

हे झ्युसियू. पूर्वी इथे वाइनचा बाजार होता, पिंपांच्या रांगा लागायच्या. १९६० च्या दशकात त्याच जागी विद्यापीठ उभं राहिलं. सांगाडा सगळा पोलादाचा. आगीत पोलाद मऊ पडतं, म्हणून त्यावर ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे न जळणाऱ्या तंतुमय खनिजाचा, थर फवारला. माणसं वाचावीत म्हणूनच, बरं का.

पण थर झडू लागला. पुस्तकांवर, टेबलांवर धूळ दिसायला लागली. १९७० च्या दशकात तिथलेच शास्त्रज्ञ आंरी पेझेरा आणि कामगार संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. १९७८ मध्ये फवारणीवर बंदी आली. आधी फवारलेलं मात्र डोक्यावर तसंच! १ जानेवारी १९९७ पासून फ्रान्समध्ये ॲस्बेस्टॉसच बंद झालं. झ्युसियूची सफाई संपायला २०१६ उजाडलं.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली तंतू.]

केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू. तासन्‌तास हवेत तरंगतात, वास नाही, चव नाही. फुप्फुसात खोल गेले की शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळू पाहतात. लांब तंतू त्यांच्यात मावत नाही. मग वर्षानुवर्षं आत दाह चालू राहतो. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, दिसायला २० ते ४० वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो. सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका तर आणखी कैक पट.

थर धड असेल, त्याला कुणी हात लावत नसेल, तर खाली टेबलाशी बसणाऱ्याला धोका कमी. धोका शिडीवर असतो. वायर ओढायला फॉल्स सीलिंग उघडणारा इलेक्ट्रिशियन, एसीवाला, प्लंबर. वर काय आहे, हे त्याला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. त्यानं ड्रिल मारलं की धूळ खालच्यांनाही मिळते.

[दृश्य : आपल्याकडची एक जुनी वर्कशॉप शेड.]

भारतात ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. ॲस्बेस्टॉस घातलेल्या छताच्या पत्र्याला आपण म्हणतो सिमेंटचा पत्रा. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, तोवर ठीक. पत्रा जुना झाला, फुटला, कापला की ते सुटतात.

पावसाळ्याआधी गळका पत्रा बदलायला माणूस वर चढतो. तोंडाला रुमाल बांधून. त्या रुमालाच्या विणीतून हे तंतू आरामात आत जातात.