सोळा पटींनी लहान टायगर: ट्रॅक, गिअरबॉक्स आणि बॅटरी

[दृश्य: टेबलावर उलटा ठेवलेला रणगाडा. एका बाजूचा ट्रॅक काढलेला, चाकं उघडी.]

टायगर वन, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा. खरा रणगाडा ५७ टनांचा. समोर आहे ते त्याचं १:१६ मापाचं, रिमोटवर चालणारं मॉडेल. लांबी, रुंदी, उंची या तिन्हींना १६ने भागलं की वजनाला भागायचं ते ४,०९६ने. म्हणजे हिशेबाने हे मॉडेल १४ किलोंच्या आसपास भरायला हवं. प्रत्यक्षात खोक्यातून निघणारं प्लास्टिकचं मॉडेल ४ किलोंच्या आतबाहेर असतं. सतरंजीच्या कडेवर ते टुणकन उडी मारून चढतं, ते त्यामुळेच. खऱ्या टायगरची ती जड, नाक दाबत पुढे सरकणारी चाल त्याच्यात येत नाही.

मग धातूचे ट्रॅक, म्हणजे चाकांभोवती फिरणारे कड्यांचे पट्टे, घ्यायचे ठरतं. दिसायला सगळ्यात मोठा फरक त्यांनीच पडतो, आणि मोडतोडही बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. जस्ताच्या मिश्रधातूचे ते ट्रॅक प्लास्टिकच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, दात काही तासांत खाऊन टाकतात. स्प्रॉकेट धातूचा केला, की ताण जातो गिअरबॉक्सच्या शेवटच्या गिअरवर. गिअर पोलादी केले, तर ज्या प्लास्टिकच्या खुंटांवर गिअरबॉक्स स्क्रूने बसवलेला असतो, ते खुंट तडकतात. तेही सावरले, तर मोटर अडखळली की सगळा करंट सर्किट बोर्डावर. एक जागा पक्की केली, की मोडायची पाळी पुढच्या जागेवर येते.

म्हणून खरेदी उलट्या क्रमाने करावी. आधी गिअरबॉक्स आणि बेअरिंग, मग स्प्रॉकेट आणि आयडलर (ट्रॅक ताणून धरणारं मागचं चाक), आणि ट्रॅक सर्वांत शेवटी. पाकिटावर ‘थेट बसणारे’ असं छापलेलं असलं तरी.

[दृश्य: हातात पोलादी गिअरबॉक्स. बोटाने शाफ्ट फिरवून दाखवणं.]

गिअरबॉक्स कोणत्या गुणोत्तराचा घ्यायचा, हे अंदाजाने ठरवू नये. गणित छोटंसंच आहे. खरा टायगर रस्त्यावर ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास धावे. त्याला १६ने भागलं की ताशी २.४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६६ सेंटिमीटर. टायगरच्या स्प्रॉकेटला २० दात आणि ट्रॅकची एक कडी १३० मिलिमीटरची. मॉडेलवर ती कडी होते ८ मिलिमीटरहून जरा जास्त. स्प्रॉकेटच्या एका फेऱ्यात २० कड्या, म्हणजे सव्वासोळा सेंटिमीटर अंतर. सेकंदाला ६६ सेंटिमीटर जायचं तर स्प्रॉकेटने सेकंदाला चार फेरे घ्यायचे, मिनिटाला २४०. मोटर बिनओझ्याची मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल, तर गुणोत्तर येतं साधारण ६० ला १. ओझ्याखाली फेरे उतरतात, त्यामुळे ५० ला १ घेतलं तरी चालतं. त्याहून वेगवान गिअरबॉक्स घेतला तर रणगाडा शर्यतीच्या गाडीसारखा पळेल, आणि जागच्या जागी वळताना मात्र मोटर कण्हत उभी राहील.

[दृश्य: जवळून. पिनियन आणि पहिला गिअर यांच्यामध्ये कागदाची पट्टी.]

मोटर बसवताना पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर, आणि पहिल्या गिअरच्या मध्ये साध्या कागदाची एक पट्टी घालायची, मोटर गिअरवर दाबायची, स्क्रू आवळायचे आणि शाफ्ट फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या खुणा सरळ उमटायला हव्यात आणि ती फाटलेली नसावी. कागद फाटला, तर गिअर फार जवळ आहेत. आवाज कर्कश येईल आणि मोटर तापेल. खुणा पुसट असतील तर फट जास्त आहे, आणि दात टोकांवर झिजतील. ग्रीस थोडंच लावायचं, पांढरं लिथियम. डबाभर ग्रीस भरलं तर धूळ पकडून तेच पॉलिशच्या पेस्टसारखं दात घासतं.

स्प्रॉकेट शाफ्टवर धरून ठेवतो तो एक इवलासा, बिनडोक्याचा ग्रब स्क्रू. शाफ्टवर सपाट जागा नसेल तर कानशीने करून घ्यायची, नाहीतर तो घसरणारच. धातूवर धातू असेल तिथे निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव, सुईच्या टोकाएवढं. प्लास्टिकजवळ ते अजिबात नको. काही दिवसांनी प्लास्टिकला बारीक तडे जातात, आणि दोष जातो बिचाऱ्या स्क्रूच्या माथी.

[दृश्य: दोन्ही बाजूंची चाकं. पट्टी लावून स्प्रॉकेट, चाकं, आयडलर एका रेषेत आहेत का ते पाहणं.]

ट्रॅक चढवण्याआधी एक लांब पोलादी पट्टी लावून पाहावी. स्प्रॉकेट, चाकं आणि मागचा आयडलर एका रेषेत असले पाहिजेत. अर्धा मिलिमीटर फरक असेल तर अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर. वळताना ट्रॅक निसटतो तो ढिलेपणामुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ढिलेपणा हे अर्धंच कारण. रेष चुकलेली असेल तर ट्रॅक कितीही ताणा, तो निसटतो, आणि ताणल्यामुळे बेअरिंग व गिअरवर फुकटचा भार पडतो.

खऱ्या टायगरच्या एका बाजूला ९६ कड्या. मॉडेलच्या कड्यांची संख्या उत्पादकागणिक थोडी वेगळी असू शकते, पण तपासायची प्रत्येक कडी. ट्रॅक बोटावर टांगून हळूहळू पुढे सरकवायचा. जी कडी आपल्या वजनाने खाली वळत नाही, ती आखडलेली. बहुधा ओतकामाची एक बारीक धार राहिलेली असते, सुईकानशीचे दोन हात मारले की मोकळी होते. टायगरला वर ट्रॅक पेलणारे छोटे रोलर नाहीत. वरचा ट्रॅक मोठ्या चाकांवरच विसावतो. तिसऱ्या-चौथ्या चाकापाशी तो बोटाने सेंटिमीटरभर उचलला गेला की ताण बरोबर. नवे ट्रॅक पहिल्या दोन-तीन तासांत लांबतात, कारण कड्या जोडणाऱ्या पिना आपल्या भोकांत बसतात. तेव्हा एक कडी काढायची. काढलेली जपून ठेवा, पुढे लागते.

वजन वाढलं की पुढच्या बाजूची स्प्रिंग बसते. पुढच्या दोन चाकांच्या आर्मना जरा कडक स्प्रिंग, बाकी तशाच. सगळ्याच कडक केल्या तर रणगाडा पुन्हा उड्या मारायला लागतो, आणि एवढा खटाटोप पाण्यात. एकमेकांवर चढलेल्या चाकांमध्ये खडा अडकतो, हे या मॉडेलचं जुनं दुखणं. रशियाच्या थंडीत खऱ्या टायगरच्या चाकांमध्ये चिखल गोठून बसायचा, त्यामुळे अस्सलपणा म्हणावा तर हाही आहे.

चाकांबद्दल आणखी एक. पोलादी कडांची चाकं टायगरला फेब्रुवारी १९४४पासून लागली, आणि त्या काळी गाड्यांवर झिमेरिटचा, म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावलेल्या लेपाचा, खडबडीत थर असे. पोलादी चाकं बसवून अंग गुळगुळीत ठेवलं तर जाणकाराला ते खटकतं. रबरी चाकांची सुरुवातीची गाडी हवी असेल, तर इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला, एप्रिल १९४३मध्ये ट्युनिशियात पकडलेला टायगर १३१ हा उत्तम नमुना. तो आजही स्वतःच्या चाकांवर चालतो.

[दृश्य: वायरिंग. सोल्डरची मशीन, मोटरच्या टोकांवर कपॅसिटर.]

आता वीज. ब्रश असलेली मोटर ठिणग्यांमुळे गडबड करते. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, आपोआप हलतं, आवाज तुटक येतो. प्रत्येक मोटरला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर: एक दोन टोकांच्या मध्ये, बाकी दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्यापर्यंत. पत्रा आधी घासून घ्यायचा, नाहीतर सोल्डर मण्यासारखा घरंगळतो.

सहा सेलची निकेल बॅटरी काढून दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) लावताना लोकांना भीती असते व्होल्टेजची. ती अनाठायी आहे. नुकती चार्ज झालेली निकेल बॅटरीही ८.४ व्होल्टपर्यंत जाते, लायपोही तेवढीच. फरक असा, की मोटर अडकली तर निकेलचं व्होल्टेज पडतं आणि बोर्ड वाचतो. लायपो मात्र मागेल तेवढा करंट देत राहते. म्हणून बॅटरीच्या तारेत फ्यूज हवाच. जुन्या बोर्डांना बॅटरी कधी थांबवायची हे कळत नाही, त्यामुळे सेलला ३.४ व्होल्टवर वाजणारा अलार्मही हवा. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर, म्हणजे सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवर, ३,००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीला ३ अँपिअरने. बरेच दिवस ठेवायची असेल तर सेल ३.८ व्होल्टवर. आणि बॅटरीच्या खणात बाहेर आलेली स्क्रूची टोकं कानशीने घासून वर फोम चिकटवा. टोकदार स्क्रू आणि लायपो एकत्र ठेवणं म्हणजे आगीला निमंत्रण.

धुराच्या यंत्राचं थोडक्यात: तेल संपण्याआधी बंद करायचं. वात एकदा करपली की नवीनच लागते.

[दृश्य: मैदान. रणगाडा जागच्या जागी फिरतो, थांबतो. झाकण उघडून बोट मोटरवर.]

पहिली चाचणी गालिच्यावर नको, तिथे वळताना सगळ्यात जास्त जोर लागतो. कडक मातीवर दहा मिनिटं चालवा, थांबा, दोन्ही मोटरवर बोट ठेवा. पाच सेकंद ठेवता आलं तर ठीक. एकच मोटर तापली असेल तर त्या बाजूला काहीतरी अडतंय, बहुधा ट्रॅक जास्त ताणलेला.

मग ट्रॅककडे बघा. पिना हळूहळू बाहेर सरकतात. सोव्हिएत टी-३४ला हीच कटकट होती. तिथे रणगाड्याच्या धडावर एक तिरकी पट्टी असे, बाहेर आलेली पिन फिरताना तिच्यावर आपटून परत आत जायची. या टायगरला तशी पट्टी नाही. छोटी हातोडी घ्या, बाहेर आलेल्या पिनेवर हलका टोला द्या, मग रणगाडा फिरवून दुसरी बाजू.