आत्याची गंज

(दृश्य: माण तालुक्यातला माळ, मे महिन्याची दुपार. संगीत नाही, फक्त वारा.)

निवेदन:

मे महिन्यातल्या दुपारी म्हसवड-दहिवडी रस्त्यावर उभं राहिलं, की सगळा माळ करपलेल्या भाकरीच्या रंगाचा दिसतो. हिरवं म्हणावं असं दोनच ठिकाणी. एक बांधावरचा लिंब. दुसरा, ज्याच्या विहिरीला अजून पाणी आहे त्याचा मक्याचा तुकडा.

सातारा जिल्हा एकच. पण पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, इथं माणात, 500 च्या आसपास. तोही आला तर. ढग इकडेही येतात, पण सह्याद्रीवर रिकामे होऊन येतात.

या माळाच्या कडेला माझ्या आत्याचं घर आहे. दावणीला दोन म्हशी आणि एक खिलार गाय. घरामागं कडब्याची, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या पेंड्या रचून केलेली, गंज. उन्हाळा किती राहिला असं आत्याला विचारलं, तर ती कॅलेंडर बघत नाही, गंजीकडं बघते.

(दृश्य: गंज जवळून. पेंड्यांची टोकं, वर झाकलेलं जुनं ताडपत्री कापड, त्यावर ठेवलेले दगड.)

कडबा मोजायचा पेंडीवर, भाव ठरवायचा शेकड्यावर. मोठ्या जनावराला दिवसाला चार पेंड्या धरा. तीन जनावरं म्हणजे बारा. होळीपासून मृगापर्यंत नव्वदेक दिवस. हिशेब येतो अकरा शेकड्यांच्या जवळपास. गंज अकरा शेकड्यांची असली की आत्याला रात्री झोप लागते. आठाची असली की एप्रिलमध्ये एका म्हशीला बाजार दाखवते. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या दहा गावांनीही म्हशी आणलेल्या असतात, त्यामुळं भाव काय मिळतो ते विचारू नका.

ही गंज उन्हाळ्यात रचली जात नाही. ती ठरते मागच्या ऑक्टोबरात.

इकडची ज्वारी रब्बीची. परतीचा पाऊस पडून जमीन ओली झाली की पेरायची, आणि मग काळ्या रानात साठलेल्या त्या ओलीवरच तिनं फेब्रुवारीपर्यंत निभावायचं. वरून पाणी मिळेलच असं नाही. म्हणून तर म्हणतात, पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती. दिवाळीच्या आगंमागं एक चांगला पाऊस झाला, तर कणीस भरतं आणि ताट पुरुषभर उंच होतं. जात बहुतेक ठिकाणी मालदांडीच, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली. तिच्यापेक्षा जास्त दाणे देणारे वाण नंतर आले. पण भाकरीची चव आणि कडब्याची गोडी या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील, तर इकडचा माणूस फिरून मालदांडीवरच येतो. ज्वारी माणसासाठी पेरतात की जनावरासाठी, हा प्रश्न इथं कुणी विचारत नाही. दाणा घरात, धाट गोठ्यात.

(दृश्य: फेब्रुवारीत टिपलेलं चित्रीकरण. उभ्या ज्वारीत मधेच आडवी झालेली ताटं.)

मग येतो फेब्रुवारी. दाणा हुरड्यातून कडक होण्याच्या बेतात असतो, खालची ओल संपत आलेली असते, आणि नेमकं तेव्हाच ऊन चढू लागतं. पूर्वी शिवरात्रीपर्यंत रात्री घोंगडं लागायचं. अलीकडं फेब्रुवारीतच पंखा. 2025 चा फेब्रुवारी देशात 1901 पासूनचा सगळ्यात उष्ण ठरला. त्याआधी 2022 चा मार्च तसाच होता. त्या वर्षी उत्तरेत गव्हाचे दाणे भरण्याआधीच चिरमटले आणि मे महिन्यात केंद्रानं गव्हाची निर्यात थांबवली. ती बातमी सगळ्या देशानं वाचली. ज्वारीच्या धाटात काय होतं, त्याची बातमी होत नाही.

इथं आत्यानं आम्हाला थांबवलं. एक आडवं पडलेलं ताट उचललं, बुडखा दोन्ही हातांनी पिळला आणि मधोमध फाडला.

"बघ की. आत काय हाय का?"

आत भेंड नव्हतं. सुट्ट्या झालेल्या दोऱ्या होत्या, आणि त्यांच्यावर काळी पूड, काजळ सांडावं तशी. बोटाला लागली. या रोगाला खडखड्या म्हणतात. वाऱ्यानं ताटं एकमेकांवर आपटली की पोकळ, कोरडा आवाज येतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ज्वारी वाळली, काढणीला आली. बुरशी आधीपासूनच जमिनीत असते. ओल तुटली, ऊन वाढलं आणि पिकाचा सगळा जोर कणसाकडं लागला, की ती मुळातून वर चढते. कणसात दाणा बारीक राहतो, आणि धाटात जनावरानं खावं असं काही उरत नाही. अशा कडब्याची गंज दिसायला तेवढीच उंच दिसते. म्हैस तोंड लावते आणि बाजूला होते.

त्यात ज्वारीचं रान दरसाल कमी होतंय. इकडं ज्वारी मुळासकट उपटून काढायची रीत. दिवसभर कमरेत वाकून ते काम करायला आता माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी दाण्याच्या भावात बसत नाही. लोक मका करतात, कांदा करतात, पाणी पोचलं तिथं ऊस करतात. ज्वारी उणावली की आधी बोंब भाकरीची होत नाही, कडब्याची होते.

(दृश्य: विहीर. वरून खाली. तळाशी हिरवट डबकं, पाइपाचं टोक उघडं.)

एप्रिल संपता संपता पारा 40 अंशांच्या पुढं जातो. पण नुसत्या आकड्यात काही कळत नाही. ऊन पाणी कसं ओढतं, ते बघायला हवं.

दुभत्या जनावराला थोडं तरी हिरवं हवं म्हणून आत्यानं विहिरीच्या पाण्यावर दहा गुंठे मका केलाय. कोरडी हवा, वारा आणि हे ऊन मिळून मे महिन्यात चांगल्या वाढलेल्या पिकातून रोज आठ ते दहा मिलिमीटर पाणी उडून जातं. दहा गुंठ्यांवर त्याचा हिशेब मांडला, तर रोजचं आठ ते दहा हजार लिटर होतं. म्हणजे पाण्याचा एक टँकर. दहा गुंठ्यांच्या हिरव्यासाठी दिवसाला एक टँकर. मे महिन्यात गावात प्यायच्या पाण्याचा टँकर येतो, तोही बहुधा तेवढाच असतो.

म्हणून मका पुरता वाढायची वाट कुणी बघत नाही. तुरा यायच्या आधी कापायला सुरुवात होते. आणि दाण्यासाठी ठेवला, तरी इतक्या उन्हात परागकण वाळतात, कणसात दाण्यांच्या जागी फटी राहतात.

एक धोका मात्र घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतो. ज्वारी काढलेल्या रानात बुडख्यांना फुटवे येतात. उन्हाळी चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी पाण्याअभावी गुडघ्याएवढीच राहते. दिसायला लुसलुशीत. उपाशी जनावर दावं तोडून तिकडं गेलं, तर त्याला किरळ लागते. कोवळ्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत एक द्रव्य असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइडचं विष सुटतं. जनावर धापा टाकतं, थरथरतं, कोसळतं. डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळतोच असं नाही. तीच ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर हा धोका बराच कमी होतो.

(दृश्य: गोठा. पत्र्यावर टाकलेला पाचोळा. म्हशीच्या अंगावर ओलं पोतं.)

टीव्हीवर उष्णतेची लाट दाखवायची झाली, की शहरातला डांबरी रस्ता आणि उसाच्या रसाची गाडी दाखवतात. गोठ्यात कॅमेरा फारसा कुणी नेत नाही.

म्हैस काळी, आणि गाईच्या मानानं तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी फार कमी. म्हणून तिला डबकं लागतं. डबकं आटलं की ती उभ्या उभ्या तापते, तोंड उघडून श्वास घेते, आणि खाणं सोडते. चारा पचतानाही पोटात उष्णता तयार होते, कडब्यासारखा कोरडा चारा असला तर जास्तच. जनावर खाणं टाळतं ते त्यासाठी. आत्या कडबा रात्री आणि पहाटे टाकते, दुपारी नुसतं मूठभर हिरवं. हे तिला कुठल्या शिबिरात शिकवलेलं नाही. दुपारी टाकलेला कडबा संध्याकाळपर्यंत गव्हाणीत तसाच पडलेला तिनं वर्षानुवर्षं पाहिलाय.

दूध निम्म्यावर येतं. आणखी एक नुकसान होतं, ते वर्षभरानं कळतं. उन्हाळ्यात म्हशीचा माज, म्हणजे गाभण राहण्याची वेळ, मुका असतो. ती ओरडत नाही, कळू देत नाही. तो माज हुकला की पुढचं वेत लांबलं, आणि तेवढे महिने भाकड म्हैस पोसत बसायचं. खिलार गाय या सगळ्यात शांत. पांढरं अंग, चिवट हाडं. दूध बेताचंच देते, पण उन्हाची तक्रार करत नाही.

(दृश्य: माळ. मेंढ्यांचा कळप, मागं आकडी घेतलेला मेंढपाळ.)

आता माळाकडं येऊ. लांबून उजाड दिसणाऱ्या या मुरमाड जमिनीत गवताचे ठोंब जिवंत असतात. मारवेल, पवन्या, कुसळी. वरचं सगळं वाळतं, जीव बुडात आणि मुळात राहतो.

कुसळीला लोक उगीच शिव्या देतात. पावसाळ्यात, फुलावर यायच्या आधी, ती चांगला चारा असते. एकदा कुसळ धरलं की मात्र ते मेंढीच्या लोकरीत घुसतं, तिथून कातडीत. आमच्या कॅमेरामनच्या मोज्यातली कुसळं मुक्कामाला पोचल्यावर तासभर काढत बसलो होतो. मेंढीला कोण काढणार?

एप्रिल-मेमध्ये मेंढ्यांचं पोट खरं तर झाडं भरतात. बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा याच दिवसांत पिकतात. मेंढपाळ आकडीनं फांदी हलवतो, शेंगा खुळखुळत खाली पडतात, आणि त्या आवाजाला अख्खा कळप वळतो. रात्री हा कळप कुणाच्या तरी मोकळ्या रानात बसवतात. लेंडीखत शेतकऱ्याला, धान्य किंवा पैसे मेंढपाळाला. माळावर चारा नसला, तर ही देवघेवही मोडते, कारण कळप पुढं निघून जातो.

काही जण फेब्रुवारी-मार्चमध्ये माळाला काडी लावतात. जाळलं की गवत जोमानं फुटतं, असा समज. फुटताना दिसतं खरं. पण जमिनीवरचा पालापाचोळा जातो, खाली पडलेलं बी भाजतं, आणि मे महिन्याचं ऊन थेट ठोंबावर पडतं. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजार गावानं उलटा रस्ता धरला. डोंगरावर मोकळी चराई बंद. गवत विळ्यानं कापून न्यायचं, जनावर सोडायचं नाही. पाऊसमान तिथंही बेताचंच. पण मुळाला हात लावायचा नाही, एवढं एक पथ्य गावानं धरलं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. छावणी, हिरव्या जाळीची सावली, उसाच्या वाढ्यांचे ढीग.)

गंज संपली, माळ संपला, विहीर संपली, की जनावरांची चारा छावणी. म्हसवडला 2012-13 च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशन या संस्थेनं छावणी उभारली, 2019 मध्ये पुन्हा. जनावरांबरोबर माणसंही महिनोन् महिने तिथंच राहिली. पोरांच्या वह्या गव्हाणीशेजारी, चूल दावणीशेजारी. 2019 च्या मेमध्ये सरकारनं छावणीतल्या मोठ्या जनावरामागचं दिवसाचं अनुदान 90 वरून 100 रुपये केलं, लहानामागचं 45 वरून 50. खायला मुख्यतः उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला. वाढ्यांनी पोट भरतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून जाणती माणसं त्यावर चुन्याची निवळी शिंपडतात.

(दृश्य: आकाश. पश्चिमेकडून काळं आभाळ. ताडपत्री फडफडते.)

आणि मग वळीव येतो. सगळे ज्याची वाट बघत असतात, तोच कधी कधी घात करतो. 2025 मध्ये तर वळवाच्या दिवसांत मान्सूनच आला: 24 मेला केरळात, एरवीपेक्षा आठेक दिवस आधी, आणि 26 मेला मुंबईत, पंधराएक दिवस आधी. त्या दिवसांत फलटण, बारामती, इंदापूर भागात धो धो पाऊस झाला. काढलेला कांदा रानात भिजला, उन्हाळी बाजरी आडवी झाली. आत्याच्या गंजीवरचं ताडपत्री कापड एका बाजूनं उडालं आणि वरचे दोन थर भिजले. चार दिवसांत त्यांच्यावर काळे ठिपके आले.

पाऊस झाल्यावर आठवड्यात माळ पोपटी होतो. व्हिडिओ काढायला फार छान. जनावराला मात्र तो फसवतो. बोटभर गवत, त्यात सगळं पाणीच. म्हैस दिवसभर चालते, पोट भरत नाही, शेण पातळ होतं. उपाशी मेंढ्या त्याच्यावर तुटून पडल्या तर आंत्रविषार या आतड्याच्या रोगानं पटापट मरतात. त्यावरची लस पावसाच्या आधी टोचून घ्यायची असते. आणि ठोंबानं सगळा साठा खर्चून काढलेलं ते पहिलं पान खुडलं, तर दुसरं पान काढायला त्याच्याकडं फारसं काही उरत नाही.

म्हणजे मृग लागला तरी चारा लागलेला नसतो. विळ्याला लागेल एवढं गवत व्हायला जुलै उजाडतो. अकरा शेकड्यांचा हिशेब इथं येऊन तुटतो. मी आत्याला तसं म्हटलं.

"मला काय ठावं न्हाय व्हय? म्हणून तर होळीपर्यंत बाजरीचं सरमाड घातलं. कडब्याला हात न्हाय लावला."

(दृश्य: संध्याकाळ. आत्या गंजीजवळ. भिजलेल्या पेंड्या वेगळ्या काढते आहे.)

एकेक पेंडी ती नाकाशी नेते. बुरशीचा वास आला की डाव्या हाताला, उकिरड्याकडं. नाही आला की उजवीकडं, उन्हात पसरायला. डावीकडचा ढीग मोठा होत जातो. मागं दावणीला खिलार गाय मान लांब करून उजव्या ढिगातली एक पेंडी ओढून घेते, आणि आत्या ते बघूनही काही बोलत नाही.