भार क्रीमवर नको

(नाशिकमध्ये घरगुती केक करणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

चिठ्ठ्यांमध्ये बहुतेकांनी एकच विचारलंय: वरचा टियर, म्हणजे केकचा वरचा मजला, ठेवताना बोटं क्रीमला लागतात, काय करावं? बोटांचे ठसे किरकोळ असतात हो. पॅलेट नाइफ (क्रीम सारखं करायची चपटी सुरी) फिरवला की जातात. खरं नुकसान तासाभरानं दिसायला लागतं. वरचा टियर रुततो, खालच्याचं क्रीम कडेनं फुगतं, मग चीर जाते. म्हणजे वजन क्रीमवर आलेलं असतं, आणि ते तिथे यायलाच नको. इमारतीत स्लॅबचा भार कॉलम घेतात, तसा इथे डॉवेलनी, म्हणजे केकमध्ये उभ्या खोचलेल्या कांड्यांनी, घ्यायचा.

1947 साली राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात चार मजली केक होता, नऊ फूट उंच, वजन सुमारे 500 पौंड. असे फोटो बघून हुरूप येतो. पण त्या जुन्या शाही केकांवर रॉयल आयसिंग असायचं, वाळलं की टणक होणारं. आपल्याकडे गिऱ्हाईक मागतं व्हिप क्रीम, आणि तेही मे महिन्यात, गंगापूर रोडच्या एखाद्या लॉन्सवर! बटरक्रीम द्यावं म्हटलं तर बटर 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं, आणि आपला मे त्याच्या वर जातो. अशा ऑर्डरला मी गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, सुचवते: डार्क चॉकलेट असेल तर दोन भागांना एक भाग क्रीम, उन्हाळ्यात तीनास एक. व्हाइट चॉकलेट मऊ असतं, त्याला तीनास एक तर हवंच. व्हिप क्रीमच हवं असेल तर दोन टियर, तेही हॉलमध्ये, एसीत. तीन मागितले तर सरळ नाही म्हणा.

आता डॉवेल. वरच्या टियरच्या मापाचा रिकामा बोर्ड (टियरखाली असतो तो पुठ्ठा किंवा फळी) गार केकवर अलगद टेकवून गोल उमटवा. डॉवेल त्या गोलाच्या आत, काठापासून इंचभर सोडून. सहा इंची टियरला चार पुरतात, आठ इंचीला सहा. एक डॉवेल तळापर्यंत घाला, क्रीमच्या पातळीवर खूण करा, बाहेर काढा आणि त्याच मापानं सगळे कापा. प्रत्येक भोकात वेगळं मोजत बसलात तर उंच-बुटके होतात आणि वरचा टियर कलतो. मी खुणेच्या केसभर वर कापते. त्यानं वरच्या बोर्डखाली राहणारी फट बॉर्डरच्या पायपिंगनं (कोनातून पिळलेल्या क्रीमनं) झाकते, पण बुटका डॉवेल कशानंच झाकला जात नाही. जाड प्लास्टिकचे स्ट्रॉ चालतात, कात्रीनं सरळ कापले जातात. कागदी मात्र नकोत, ओल धरतात.

प्रत्येक टियर स्वतःच्या बोर्डवर हवा. बोर्ड केकएवढाच, बाहेर डोकावता कामा नये. पण तीन टियरमधून मधला लांब डॉवेल ठोकायचा असेल तर एमडीएफ (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या) बोर्डला आधीच भोक पाडून घ्या. पुठ्ठ्यातून टोकदार डॉवेल जातो, एमडीएफमधून जात नाही. ऐनवेळी हातोडी मारत बसलात तर खालचा केकच हादरतो.

ठेवण्यापूर्वी दोन्ही टियर फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या, बटरक्रीम असेल तर बोट लावल्यावर ठसा उमटू नये इतके. उमटवलेल्या गोलात सुकं खोबरं भुरभुरा, बोर्ड चिकटत नाही. मध्यभागी मात्र गनाशचा ठिपका, सरकू नये म्हणून. मग पलीकडची कड आधी टेकवा, अलीकडची पॅलेट नाइफवर धरा, खाली आणा आणि नाइफ आडवा ओढून काढा. एकदा टेकला की ढकलून मध्यावर आणायचा मोह आवरा.

पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या केकवर थेंब जमतात. पुसू नका. केक बंद खोक्यात ठेवूनच बाहेर आणा, म्हणजे बराचसा दमटपणा खोक्यावर बसतो.

नेताना टियर सुटे. सीटवर नको, ती उतरती असते. डिकीत सपाट जागी, खाली न घसरणारी मॅट. गाडीचा एसी निघण्याआधी लावा. समारंभाच्या जागी पोचल्यावर रचा, बॉर्डरचं क्रीम बर्फाच्या पिशवीत न्या. आणि केक कोण कापणार त्याच्या हाती एक चिठ्ठी द्या: आत डॉवेल किती आहेत आणि कुठे. पाहुण्यांना वाढण्यापूर्वी तेवढे मोजून बाहेर आले पाहिजेत.